सोसायटीच्या कमिटीत पहिल्यांदाच निवडून आलात? आधी दफ्तराचा ताबा, मग नियमांची भाषा

निवडणूक बिनविरोध झाली, पेढे वाटले गेले आणि तुमच्या गळ्यात खजिनदारपद पडलं. आता जुने सचिव एक प्लास्टिकची पिशवी घेऊन दारात उभे आहेत. आत चेकबुक, दोन फायली, शिक्का आणि गच्चीच्या किल्ल्या. "सगळं यात आहे," असं म्हणून ते निघतात. माझंही असंच झालं होतं. मी पिशवी घेतली, चहा विचारला आणि पुढचे आठ महिने तिच्यात काय नव्हतं ते शोधत बसलो.

हा लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत सोसायटीत, नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी आहे. गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून, म्हणजे १९१५ पासून, मुंबईत हा प्रकार चालत आलाय. आज राज्यात अशा संस्था लाखाच्या वर आहेत. तरी बहुतेक ठिकाणी कारभार "आपलीच माणसं आहेत" या एका वाक्यावर चालतो. माणसं आपलीच असतात, यात वाद नाही. गोंधळही आपल्याच माणसांकडून होतो आणि बऱ्याचदा त्यामागे चोरी नसते, कंटाळा असतो.

सुरुवातीलाच एक खात्री करून घ्या. तुमची इमारत खरंच सोसायटी आहे ना? पुण्यात शेजारशेजारच्या दोन इमारतींत एक सोसायटी आणि दुसरी अपार्टमेंट असू शकते. अपार्टमेंटला १९७० चा वेगळा कायदा आहे आणि खर्च वाटण्याची रीतही वेगळी. नोंदणी प्रमाणपत्रावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० असा उल्लेख असेल तरच पुढचं वाचा.

पहिली पायरी: दफ्तर मोजून घ्या

ताबा घेताना यादी करा. दोन प्रती, दोन्हींवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, तारीख. देणाऱ्याला ते अपमानास्पद वाटेल. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: "काका, दोन वर्षांनी कुणी तुम्हाला विचारलं तर तुमच्याकडे कागद असावा, म्हणून." हे खरंही आहे. या यादीमुळे देणारा जास्त सुरक्षित होतो.

यादीत काय हवं? नोंदणी प्रमाणपत्र. निबंधकांच्या (सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारच्या) शिक्क्याची उपविधींची, म्हणजे बायलॉजची, प्रत. सभासदांची नोंदवही, म्हणजे 'आय' नमुना, आणि सभासदांची यादी, म्हणजे 'जे' नमुना. भागपत्रांची (शेअर सर्टिफिकेटची) आणि नामनिर्देशनाची (नॉमिनेशनची) नोंदवही. सर्वसाधारण सभा आणि समिती, दोन्हींची वेगवेगळी इतिवृत्तं (मिनिट्स). किर्द (कॅशबुक), खतावणी (लेजर), पावतीपुस्तकं (कोरीसुद्धा, क्रमांकासह), चेकबुकं आणि त्यांतले न वापरलेले चेक. लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचे दोषदुरुस्तीचे 'ओ' नमुने. अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर तो दस्त, मंजूर नकाशे, लिफ्टची कागदपत्रं, विमा.

आणि मुदत ठेवींच्या मूळ पावत्या. इथे थांबा. झेरॉक्सवर समाधान मानू नका. प्रत्येक पावतीचा क्रमांक, रक्कम, मुदत संपायची तारीख लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात बँकेत जाऊन त्या क्रमांकाची ठेव आजही जिवंत आहे का, तिच्यावर कर्ज काढलेलं नाही ना, हे लेखी मागा. आमची एक ठेव मुदत संपून चौदा महिने झाले तरी तशीच पडून होती. कुणी पैसे खाल्ले नव्हते. कुणी तारीखच बघितली नव्हती.

ताब्याच्या दिवशीची बँकेतली शिल्लक आणि हातातली रोकड त्या यादीच्या शेवटी लिहा. रोकड समोरासमोर मोजा.

दुसरी पायरी: कोणता नियम कुणाच्या वर

सोसायटीत नियमांची एक उतरंड असते. सगळ्यात वर १९६० चा अधिनियम. २०१९ पासून त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी खास तेरा-ब हे प्रकरण आहे, कलम १५४ ब आणि त्याच्या पुढची कलमं. त्याखाली १९६१ चे नियम. शासनाने अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली दिलेले निर्देशही बंधनकारक. मग तुमचे उपविधी. त्याखाली सर्वसाधारण सभेचा ठराव. त्याखाली समितीचा ठराव. आणि या सगळ्याच्या तळाशीसुद्धा ज्याला जागा नाही, ते म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले सव्वीस अंगठे.

खालचा नियम वरच्याला छेद देत असेल तर तो टिकत नाही, मग सभेत तो एकमताने मंजूर झालेला का असेना. "जनरल बॉडी सुप्रीम आहे" हे वाक्य प्रत्येक सभेत कुणीतरी ठणकावून सांगतंच. जनरल बॉडी सर्वोच्च आहे, पण कायद्याच्या चौकटीत. पुढचा अर्धा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

उदाहरण भाडेकरूंचं घ्या. सदनिका भाड्याने दिली की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते किती लावायचं? १ ऑगस्ट २००१ च्या शासननिर्देशानुसार सेवा शुल्काच्या, म्हणजे वॉचमन, सफाई अशा सामायिक सेवांच्या खर्चाच्या, १० टक्क्यांपर्यंतच. ही मर्यादा मुंबई उच्च न्यायालयात मॉ ब्लां सोसायटीच्या प्रकरणात २००७ मध्ये तपासली गेली आणि टिकली. आता हिशेब बघा. महिन्याचं बिल ३,२०० रुपये असेल आणि त्यातलं सेवा शुल्क १,८०० असेल, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त १८० रुपये. पूर्ण बिलाच्या दहा टक्के नाही. "भाडेकरू ठेवणाऱ्यांनी दोन हजार जास्त भरावेत" असा ठराव तर नाहीच नाही. तशी वसुली केलीत तर परत करायची वेळ येईल आणि ठरावाखाली सही तुमची असेल.

घर विकताना सोसायटी घेते त्या हस्तांतरणाच्या अधिमूल्याचंही (ट्रान्सफर प्रीमियमचंही) तसंच. कमाल मर्यादा २५,००० रुपये. ती ओलांडण्यासाठी "ऐच्छिक देणगी" नावाची एक युक्ती पूर्वापार चालत आलीय. घर विकणारा माणूस ना-हरकत पत्रासाठी दारात उभा असताना दिलेली देणगी किती ऐच्छिक असते, हे देणारा जाणतो आणि घेणाराही.

तुमच्या हातातली उपविधींची प्रत कोणत्या सालची आहे तेही बघा. शासनाचे आदर्श उपविधी २०१४ साली सुधारून आले. पण ते तुमच्या सोसायटीने सभेत स्वीकारून निबंधकांकडून मंजूर करून घेतले का? नसतील, तर स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेली छापील पुस्तिका म्हणजे तुमचे उपविधी नव्हेत.

तिसरी पायरी: एका हातात दोन कामं नकोत

अंतर्गत नियंत्रण म्हटलं की मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. चाळीस घरांच्या इमारतीत त्याचा अर्थ साधा आहे: काम सांगणारा, काम झालं हे तपासणारा, बिल लिहिणारा आणि पैसे देणारा, हे चारही एकच असू नयेत. निदान दोन तरी वेगळे असावेत.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. मे महिना, नळाला पाणी नाही, रोज टँकर. महिन्याचं बिल आलं ३४ टँकरचं. ३४ चलनं जोडलेली, प्रत्येकावर वॉचमनची सही. माझ्या आधीची पद्धत अशी, की चलनं मोजायची, आकडा जुळला की चेक. मी सहज फाटकावरची वही मागवली. त्यात टँकर २९. वॉचमन म्हणाला, गडबडीत लिहायचं राहिलं असेल. पटण्यासारखं होतं. मग वही आणि चलनं समोरासमोर ठेवून तारखा जुळवल्या. वहीत नसलेल्या पाच चलनांपैकी तीन एकाच तारखेची निघाली. त्या दिवशी हा वॉचमन गावी गेला होता, हजेरीपत्रकात त्याची रजा होती. सही मात्र त्याचीच. टँकरवाल्याला तिन्ही कागद दाखवले. तो फार बोलला नाही, पाच टँकर कमी करून नवं बिल पाठवलं.

एक चलन, एक वही, एक हजेरीपत्रक. तिन्ही कागद आमच्याकडे आधीपासून होते, ते एकमेकांशेजारी कधी ठेवलेच नव्हते. तेव्हापासून नियम असा: टँकर आला की वॉचमन वहीत वेळ लिहितो, समितीतला एक सदस्य (दर महिन्याला वेगळा) आठवड्यातून एकदा वहीवर सही करतो, आणि बिल वहीशी जुळल्याशिवाय माझ्यापर्यंत येत नाही.

चेकवर दोन सह्या लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण अध्यक्ष गावाला जाताना पाच कोऱ्या चेकांवर सह्या करून जातात, तेव्हा ती दुसरी सही उरते कुठे? नेटबँकिंगमध्येही एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची अशी सोय असते. आणि दोघांचेही पासवर्ड एकाच्याच मोबाइलमध्ये जपून ठेवलेले असतात! यासाठी नियम लागत नाही, नाही म्हणायची सवय लागते.

चौथी पायरी: येणारा पैसा

पैसा फक्त सोसायटीच्या खात्यात. सचिवांच्या मोबाइल नंबरवर मेंटेनन्स पाठवायची जी नवी पद्धत पडलीय, ती पहिल्याच बैठकीत बंद करा. माणूस कितीही सचोटीचा असो, वर्षअखेरीस त्याच्या घरखर्चातून सोसायटीचे पैसे वेगळे काढायला त्यालाच जमत नाही. सोसायटीच्या नावाचा क्यूआर कोड बँक देते, तो लॉबीत लावा.

दुसरी डोकेदुखी म्हणजे नाव नसलेल्या जमा. सभासदाचा मुलगा बंगळुरूहून पैसे पाठवतो, त्यात ना सदनिका क्रमांक, ना नाव. मग ती रक्कम सस्पेन्समध्ये, म्हणजे मालक न सापडलेल्या जमांच्या खात्यात, पडते, इकडे बिलावर व्याज चढत राहतं आणि सभेत भांडण होतं. बिलावर ठळक छापा: पैसे पाठवताना सदनिका क्रमांक लिहा. सस्पेन्सची यादी दर महिन्याला सूचना फलकावर लावली की बहुतेक रकमांना मालक सापडतात.

बिलातले आकडे कुठून आले हेही खजिनदाराला सांगता आलं पाहिजे. सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला समान. पाणी नळांच्या संख्येवर. दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के. सदनिकेचा बांधकाम खर्च ८ लाख धरला, तर दुरुस्ती निधी वर्षाला ६,००० आणि सिंकिंग फंड २,०००. बांधकाम खर्च म्हणजे आजचा बाजारभाव नव्हे, यावर हमखास घोळ होतो. मोठ्या घराने सगळंच जास्त द्यावं की सगळ्यांनी सगळं सारखं द्यावं, हा वाद तुमच्या सभेत होणारच. उत्तर शीर्षानुसार बदलतं, सरसकट चौरस फुटावर किंवा सरसकट समान असं काही नाही.

पाचवी पायरी: जाणारा पैसा

प्रत्येक खर्चाला व्हाउचर, व्हाउचरला बिल, बिलाला मंजुरी. समितीला सभेला न विचारता दुरुस्तीवर किती खर्च करता येतो, याची मर्यादा उपविधीत सभासदसंख्येनुसार दिलेली असते. तुमचा आकडा शोधा आणि फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक मोठं काम तीन छोट्या बिलांत तोडून ती मर्यादा चुकवण्याचा मोह होतो. लेखापरीक्षकाला ते एका नजरेत दिसतं: तोच प्लंबर, तोच आठवडा, तीन बिलं.

मोठ्या कामाला तीन कोटेशन मागवतात. पण तिन्ही एकाच माणसाने आणून दिली असतील तर ते एकच कोटेशन समजा. कागदाचे रंग वेगळे असतात आणि शुद्धलेखनाच्या चुका सारख्या. कोटेशन बंद पाकिटात, समितीच्या बैठकीत उघडायची, उघडताना हजर असलेल्यांच्या सह्या त्यावर घ्यायच्या. आणि समितीतल्या कुणाचा त्या ठेकेदाराशी व्यवहाराचा संबंध असेल तर त्याने आधी सांगून बाजूला व्हावं, इतकंच पुरत नाही. सोसायटीशी असलेल्या करारात स्वतःचा हितसंबंध असणं हे समिती सदस्याच्या अपात्रतेचं कारण ठरू शकतं. मेव्हण्याला रंगकाम देण्याआधी हे त्याला आणि स्वतःला सांगा.

सहावी पायरी: दर महिन्याची वीस मिनिटं

मासिक बैठकीत खजिनदाराने तीनच कागद ठेवावेत. बँकेच्या शिल्लकेचा किर्दीशी ताळमेळ, थकबाकीदारांची यादी, आणि महिन्यातल्या खर्चाची यादी. ताळमेळाच्या कागदावर बँक स्टेटमेंट जोडलेलं असावं आणि ते खजिनदार सोडून दुसऱ्या कुणीतरी बँकेच्या साइटवरून काढलेलं असावं. हे शेवटचं वाक्य वाचून कपाळाला आठी पडली असेल तर तुम्हीच खजिनदार आहात. मीही होतो. माझ्या नावावर शंका येऊ नये म्हणून मीच तसं सुचवलं.

हातातली रोकड कधीतरी न सांगता मोजली जावी. वर्षातून दोनदा पुरे.

सातवी पायरी: नवा नियम करायचा आहे

बहुतेक नव्या समित्यांची सुरुवातच इथून होते. पहिल्या आठवड्यात फलकावर नोटीस: "पाहुण्यांच्या गाड्या रात्री दहानंतर आत आढळल्यास ५०० रुपये दंड." आम्हीही लावली होती. दोन जणांच्या बिलात दंड चढवला. एकाने मुकाट भरला, दुसऱ्याने लेखी विचारलं, कोणत्या ठरावाने? इतिवृत्त चाळलं. ठराव नव्हताच, ग्रुपवरची चर्चा होती. दोघांचाही दंड रद्द केला. मुकाट भरणारा आजही मला भेटला की हसतो.

नियम करण्याआधी स्वतःला विचारा: हा अधिकार मुळात कुणाचा? लिफ्टची वेळ, कचरा कुठे ठेवायचा, असली रोजची व्यवस्था समिती लावू शकते. पार्किंगचं वाटप, शुल्क, दंड, हे सर्वसाधारण सभेचं काम आणि तेही उपविधीत सांगितलेल्या रीतीने. दंडाआधी नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं, मग सभेने ठरवायचं. काही गोष्टी तर सभेच्याही हातात नसतात. कुत्रा-मांजर पाळायला सरसकट बंदी बहुमतानेही घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. सांडलेलं साफ करा, पट्टा लावा, एवढं म्हणता येतं.

मग शब्द. आमच्या जुन्या इतिवृत्तातला एक ठराव जसाच्या तसा: "पार्किंगबाबत सविस्तर चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले." कोणती कार्यवाही, कुणी, कधी? याच्या जोरावर काहीही करता येतं आणि कशाचाही बचाव करता येत नाही. तोच ठराव नंतर असा लिहिला:

"ठराव क्र. ७: संस्थेच्या आवारातील १८ खुल्या पार्किंग जागांचे वाटप दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी चिठ्ठ्या टाकून एक वर्षासाठी करावे. संस्थेची थकबाकी नसलेल्या व स्वतःच्या नावे वाहन असलेल्या सभासदांनी ३१ मार्चपर्यंत सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा. एका सदनिकेस एक जागा. जागा उरल्यास दुसऱ्या वाहनासाठी त्याच दिवशी चिठ्ठ्या टाकाव्यात. सूचक: सदनिका २०४. अनुमोदक: सदनिका ५०१. बाजूने २३, विरोधात ४, तटस्थ १."

आता हा ठराव अनोळखी माणसाच्या हातात द्या. त्याला तो कुणाला काही न विचारता अमलात आणता येतो. माझी कसोटी हीच: सभेला नसलेल्या माणसाला वाचायला द्यायचा, त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरावात घालायचं. आमच्या इथे हे काम एका सभासदाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने केलं. "नावावर गाडी म्हणजे कंपनीची गाडी चालेल का?" हा प्रश्न कमिटीतल्या एकालाही सुचला नव्हता.

उपविधीच बदलायचे असतील तर वाट लांब आहे. सभेच्या सूचनेसोबत जुना मजकूर, नवा मजकूर आणि कारण द्यावं. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश बाजूने हवेत. मग प्रस्ताव निबंधकांकडे. त्यांनी नोंदणी केल्याशिवाय बदल लागू होत नाही. सभेत टाळ्या पडल्या त्या रात्रीपासून नवा नियम चालू करू नका.

आठवी पायरी: वर्षाचं वेळापत्रक

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. लेखापरीक्षण चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत. वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी. सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात मोजायचे नाहीत. गणपूर्ती (कोरम) एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा २०, यांतली जी संख्या कमी ती. आमच्या ४२ घरांना दोनतृतीयांश म्हणजे २८, म्हणून २० पुरे. गणपतीच्या आठवड्यात सभा ठेवलीत तर तेही जमणार नाहीत.

लेखापरीक्षकाने काढलेले दोष 'ओ' नमुन्यात दुरुस्ती अहवालासह द्यायचे असतात. कित्येक सोसायट्यांच्या अहवालात तोच दोष दरवर्षी त्याच शब्दांत येतो, कारण मागचा अहवाल कुणी वाचलेलाच नसतो. ताबा घेतल्यावर मागच्या तीन वर्षांचे दोष एका कागदावर उतरवा. तीनही वर्षांत आलेला दोष आधी मिटवा. आमचा होता नामनिर्देशन: ४२ पैकी ११ सभासदांचे अर्जच नव्हते. दोन रविवार दारोदार फिरून मिळवले.

आणि मत पटलं नाही तर

समितीच्या निर्णयाला सगळे सदस्य एकत्र आणि प्रत्येक जण व्यक्तिशः जबाबदार असतो. बैठकीत मनातून विरोध करून गप्प बसलात तर कागदावर तुम्ही संमती दिलेली असते. म्हणून विरोध असेल तर तो त्याच बैठकीच्या इतिवृत्तात नावासह, कारणासह लिहायला सांगा, आणि सही करण्याआधी तो लिहिला गेलाय का ते वाचा. सचिवांना राग आला तर येऊ दे. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेट होतेच, तेव्हा पावसाबद्दल बोलावं.

माझी मुदत संपली तेव्हा मी नव्या खजिनदार ताईंकडे गेलो. दफ्तराच्या यादीची पाच पानं, दोन प्रती. त्यांनी प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करत अडीच तास लावले आणि शेवटी म्हणाल्या, "काका, पावतीपुस्तक क्रमांक नऊ दिसत नाही." ते माझ्या घरीच राहिलं होतं, टेलिफोनच्या जुन्या डायरीखाली. आणून दिलं, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.